चार स्फटिक आणि महाडची काळोखी खोली

मुंबईहून महाडला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर जेवणाचा चार कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. वडखळला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या मावशींनी फडक्यातली भाकरी सोडली, सुक्या जवळ्याची चटणी काढली आणि माझ्या डब्याकडे बघत म्हणाल्या, “तू पन खाऊन घे गो. नुसती डबा धरून काय बसलीस?”

“यात खायचं काही नाही, मावशी.”

“मंग काय हाय?”

“काचेसारखे दगड आहेत.”

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग अर्धी भाकरी आणि चिमूटभर चटणी माझ्या हातावर ठेवली आणि माणगावपर्यंत मला दुसरं काही विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. डब्याच्या प्रत्येक कप्प्यात कापसाच्या गादीवर बेरियम फ्लोराइडचा एकेक स्फटिक होता. पाण्यासारखा स्वच्छ, डबीसारखा गोल आणि वर-खाली सपाट, मोठ्या पेरूएवढा, पण हातात घेतला की अर्ध्या किलोचं वजन लागायचं. अशा स्फटिकात किरण शिरला की आत उजेडाची एक ठिणगी पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. स्फटिकाला चिकटवलेली फोटोट्यूब ती पकडते आणि तिचा विजेचा ठोका करते. बेरियम फ्लोराइडची खुबी अशी, की त्याच्या उजेडाचा पहिला भाग फार झटपट येऊन जातो. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा पुरा व्हायच्या आत. म्हणूनच अणुकेंद्रांच्या प्रयोगात ‘किरण नेमका केव्हा आला’ हे मोजायला ते वापरतात. पण सगळेच स्फटिक सारखे निघत नाहीत. एखादा सुस्त निघतो. म्हणून प्रयोगात बसवण्याआधी प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागते. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी दोन वर्षं हेच काम केलं होतं. पीएचडी तिथेच करायची होती.

मग बाबांना अर्धांगवायू झाला.

बाबा ट्रक चालवायचे. कशेडीचा घाट त्यांच्या इतका पायाखालचा, की कुठल्या वळणावर कुठल्या महिन्यात दरड येते ते त्यांना तोंडपाठ. आई मी शाळेत असतानाच गेली होती आणि मला भावंड नाही. एका सकाळी पोलादपूरच्या घरी दात घासताना त्यांच्या डाव्या हातातून तांब्या पडला, आणि तो हात पुन्हा कधी धड उचलला गेला नाही. डावा पायही ओढू लागला. मी संस्था सोडली, महाडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी धरली आणि रोज पोलादपूर–महाड जाऊ-येऊ लागले. दिवसा शेजारच्या काकू बाबांकडे बघायच्या.

वर्षभराने माझ्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं. सर कमी बोलणारे, पत्रही तसंच. एका मोठ्या प्रयोगासाठी पुष्कळ स्फटिक घ्यायचे आहेत, त्याआधी नमुन्याचे चार तपासायचे आहेत, इथे हात अपुरे पडतात, असं लिहून खाली विचारलं होतं, “तुझ्याकडे एक पूर्ण अंधारी खोली आहे का? अंधार आणि वीज असली की पुरे. किरण आकाशातून फुकट येतात.”

ते पत्र मी एसटीत तीनदा वाचलं. घरी पोचल्यावर बाबांना वाचून दाखवलं.

“म्हंजे तुला सोडलं नाय त्यांनी,” बाबा म्हणाले. त्या दिवसांत त्यांची जीभ जड होती, शब्द घसरायचे. पण हे वाक्य स्वच्छ आलं.

कॉलेजात तळमजल्यावर फोटो धुवायची जुनी डार्करूम होती. कधीकाळी कुणी हौसेने बांधलेली आणि मग विसरून गेलेली. कडप्प्याचा ओटा, भिंतीला काळा रंग, दाराला दुहेरी पडदा. प्राचार्यांनी किल्ली दिली. सरांनी संस्थेच्या कागदांवर सह्या करून जुनी यंत्रं टेम्पोने पाठवली. फोटोट्यूब, त्यांना लागणारा हाय व्होल्टेजचा डबा, ठोक्यांची रेघ पडद्यावर दाखवणारा एक ऑसिलोस्कोप आणि काळ मोजायचं सर्किट. स्फटिक मात्र टेम्पोत घालायचे नाहीत, असं बजावून सांगितलं होतं. म्हणून तो जेवणाचा डबा आणि माझी मांडी.

परीक्षा समजायला सोपी होती. एका स्फटिकावर दुसरा ठेवायचा. आकाशातून येणारा किरण, ज्याला विश्वकिरण म्हणतात, दोघांतून आरपार जातो. वरच्याचा ठोका आला की घड्याळ सुरू, खालच्याचा आला की बंद. किरण नेहमी त्याच वेगाने जाणार, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर दरवेळी सारखं यायला हवं. प्रत्यक्षात ते थोडं मागेपुढे होतं. जितकं कमी मागेपुढे, तितका स्फटिक चांगला. जोड्या बदलून बदलून मोजलं, की चौघांत कोण कसा ते कळतं. पण दोघांना भेदून जाणारे किरण मिनिटाला जेमतेम चार-पाच. त्यामुळे एकेक जोडी दोन-दोन दिवस चालू ठेवावी लागायची. मी तास घ्यायचे, मधल्या सुट्टीत पडद्याआड शिरून आकडे उतरवायचे आणि पुन्हा वर्गात जायचे.

पहिल्याच आठवड्यात हाय व्होल्टेजचा डबा बंद पडला. मुंबईला परत पाठवायचा तर महिना गेला असता. कुणीतरी सांगितलं, बाजारपेठेत एक चाचा आहेत, टीव्ही दुरुस्त करतात, त्यांना दाखवा.

चाचा दासगावचे. पंधरा-सोळा वर्षं आखातात काढून परत आलेले. तिथेही टीव्ही आणि व्हिडिओचंच काम. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. पावसाळा जवळ आला की सगळा माल ते माळ्यावर चढवत, कारण सावित्री नदी कधी दुकानात येईल याचा नेम नसे. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि किती व्होल्ट निघतात ते सांगितलं.

“टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला याच्या दसपट देतो आपन,” ते म्हणाले. “ह्यो तर पोरखेळ हाय.” मग झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, “पन काम साफ केलंय. ज्यानं बनवला त्याला हात हाय.”

दुसऱ्या दिवशी डबा चालू झाला होता. तो कुठे लावतात ते बघायला ते स्वतः कॉलेजात आले. मी डार्करूमचे पडदे ओढले, सगळं सुरू केलं आणि तक्रार केली, की पहिल्या दिवसापासून नको इतके ठोके येताहेत. कुठून तरी उजेड गळतोय आणि सापडत नाही. स्फटिकाला आधी नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप, वरून काळी टेप, असे तीन-तीन थर मी दिले होते.

अंधारात त्यांनी इकडेतिकडे, खाली-वर बघितलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही काळोख काळोख म्हनता, आनि ही बत्ती कुनाची?”

ओट्याखाली विजेच्या बोर्डावर बटणाच्या बाजूचा नारिंगी दिवा जळत होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मला तो रोज दिसत होता, पण तोच उजेड नडत असेल असं डोक्यात आलं नव्हतं. चाचांनी त्यावर टेपचा तुकडा दाबला आणि आकडे धाडकन खाली आले. मग टेपच्या सांध्यातली फटही त्यांनीच बोट फिरवून शोधली. त्या दिवसापासून मी त्यांना ‘चाचा’ म्हणू लागले आणि ते मला कधी बाई, कधी ‘गो पोरी’ म्हणू लागले.

ते दुकान बंद करायच्या आधी माझी पोलादपूरची गाडी असे. गाडीला उशीर असला की मी दुकानात थांबायचे. ते टीव्हीच्या पाठीत डोकं घालून बसलेले असत आणि मला विचारत, “आज किती आले?” मी आकडा सांगायचे. घरी गेले की बाबाही तेच विचारायचे, फक्त वेगळ्या शब्दांत, “काय गो बाय, दगडात काय गावलं का?” दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. पण माझ्या आकड्यांची वाट बघणारी महाड–पोलादपूर रस्त्यावर दोन माणसं होती, आणि त्या दिवसांत मला ती पुरेशी वाटत.

आषाढ संपेतोवर चौघांची लक्षणं कळली होती. पहिला आणि चौथा ठीकठाक. तिसरा सुस्त. दुसरा मात्र इतका तल्लख, की मला माझ्याच आकड्यांवर विश्वास बसेना. सरांना कळवलं. सरांनी लिहिलं, “दुसऱ्याची पुन्हा मोजणी कर. तो खरंच तसा असेल तर मागणी त्याच्यासारख्यांचीच करू. गणपतीच्या आधी उत्तर हवं.”

आणि श्रावणात हवेने दगा दिला. महाडच्या पावसात भिंतींना घाम फुटतो, पुस्तकांना बुरशी येते. हाय व्होल्टेज चढवलं की फोटोट्यूबच्या बुडाशी चरचर आवाज व्हायचा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खोट्या ठोक्यांची रांग लागायची. चाचांना विचारलं. ते म्हणाले, “दमट झालंय. पावसाळ्यात टीव्हीला मी हेच करतो. लाकडी खोक्यात शंभरचा बल्ब लाव, ट्यूबची बुडं नि तो व्होल्टेजचा डबा दोन तास ऊबेला ठेव, मंग चालू कर.”

तसं केलं आणि चरचर थांबली. चार दिवस छान गेले.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, दुसऱ्या स्फटिकाची जुनी टेप सोडवली तेव्हा ट्यूबला चिकटतो तो त्याचा तोंडाचा भाग मला धुरकट वाटला. कापडाने पुसला तरी वाटत राहिला. दमटपणा असणार, असं मी ठरवून टाकलं. घाई होती. सरांची मुदत डोक्यात होती, अकरा वाजता तास होता. मी तो स्फटिक त्याच खोक्यात ठेवला, बल्बपासून वीतभर अंतरावर. मुंबईत मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की या जातीच्या स्फटिकाला एकदम उष्णता किंवा एकदम थंडी लागता कामा नये. मला ते माहीत होतं. विसरले होते असंही नाही. एवढ्याशा ऊबेने काय होतंय, असं वाटलं इतकंच.

तास संपवून परत आले. स्फटिक हातात घेतला तर नुकत्याच उकडलेल्या अंड्यासारखा लागला. मी तो ओट्यावर ठेवला. कडप्पा गार होता, ओलसरही.

‘टिक्’ एवढाच आवाज झाला. बांगडी पिचते तसा.

मी दिवा लावला. वरच्या कडेपासून खालपर्यंत एक चकचकीत पातळ पडदा उभा राहिल्यासारखी चीर गेली होती. मी उचलायला गेले आणि दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले.

मग तुकडे कापसात गुंडाळून डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवले, खोलीला कुलूप लावलं आणि नेहमीच्या गाडीने घरी गेले. बाबांनी विचारलं, “काय गावलं का?” मी म्हटलं, “आज वीज नव्हती.”

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. वहीत त्या दिवसाची तारीख टाकून पुढची ओळ कोरी ठेवली होती. त्या ओळीत काय लिहायचं यावर मी किती विचार केला ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. ‘आतून आधीपासूनच बारीक चीर असावी’ हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होतं. ते खोटं ठरवणं कुणालाच शक्य नव्हतं.

पाचव्या दिवशी चाचा डार्करूममध्ये आले. दोन-तीन दिवस मी दुकानावरून न थांबता गेले, तेव्हा त्यांना वाटलं व्होल्टेजचा डबा पुन्हा बिघडला. मी जेवणाच्या डब्याचा दुसरा कप्पा उघडून दाखवला. त्यांनी खोक्याकडे, बल्बकडे, मग तुकड्यांकडे पाहिलं.

“बल्बनं?”

मी मान हलवली.

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “तुझ्या साहेबाचा नंबर दे. मी सांगतो त्यांना, बल्ब मी लावायला सांगितला. म्हातारा मानूस चुकला म्हन. मला काय करनार ते?”

“नको चाचा. मीच सांगते.”

हे मी ठामपणे म्हटलं. आणि तासाभराने एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये, काचेच्या दारामागे, सरांचा आवाज कानावर पडल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? “सर, दुसरा स्फटिक फुटला. इथे दमट फार होतं, तर इथल्या एका टीव्ही मेकॅनिकने बल्ब लावायला सांगितलं होतं, आणि...”

बूथमधल्या यंत्रावरचे लाल आकडे पळत होते.

मग सरांनी विचारलं, “त्यांनी स्फटिकाला बल्ब लावायला सांगितलं होतं?”

सरांनी ‘त्यांनी’ म्हटलं. ‘त्याने’ नाही.

“नाही सर,” मी म्हणाले. “ट्यूबच्या बुडांना लावायला सांगितलं होतं. स्फटिक मी ठेवला. मला माहीत होतं, तरी ठेवला.”

“तुकडे किती?”

“दोन. एक मोठा, एक लहान.”

“चिकटवायला जाऊ नकोस. घासूही नकोस. कापसात गुंडाळून घेऊन ये.”

शुक्रवारी रजा टाकून पहाटेची गाडी धरली. संस्थेत पोचले तेव्हा सर त्यांच्या खोलीत होते. त्यांनी दोन्ही तुकडे खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिले. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते आणि ती मिळाली. पण ज्यासाठी वाटत होती त्यासाठी नाही.

“फुटला केव्हा?”

“शनिवारी.”

“आणि फोन केलास बुधवारी. मंगळवारी इथे बैठक झाली. मी तिथे सांगून बसलो, की दुसरा नमुना शाबूत आहे आणि त्याची दुसरी मोजणी चालू आहे. स्फटिक फुटतात. ते ठिसूळच असतात. चार दिवस गप्प का बसलीस?”

सरांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते आणखी लागलं. मी खाली बघत राहिले. मग ते म्हणाले, “चहा घेतलास का? सकाळी किती वाजता निघालीस?” तेव्हा मात्र मला रडू आलं.

संस्थेच्या काचशाळेत एक वयस्कर कारागीर होते. त्यांनी मोठ्या तुकड्याची वेडीवाकडी बाजू कापून, घासून त्याचा एक छोटा गोल स्फटिक करून दिला. मोठ्या सुपारीएवढा. त्यांना त्याला तीन आठवडे लागले. सरांनी तो स्वतः मोजला आणि मला पत्र पाठवलं. पत्रात सगळे आकडे होते आणि खाली एक ओळ, “लहान झाल्यावर तो अधिक तल्लख झाला आहे.”

यात चमत्कार काही नव्हता. स्फटिक लहान असला की आतल्या उजेडाला फोटोट्यूबपर्यंत जायला इकडेतिकडे आपटत फिरावं लागत नाही, सगळा एकदमच पोचतो. किरण मात्र त्यात कमी सापडतात. हे आम्हाला आधीही ठाऊक होतं. पण त्याच स्फटिकाचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी असल्यामुळे, नव्या मागणीत काही स्फटिक मुद्दाम लहान घ्यावेत, असं सरांनी ठरवलं. माझी चूक त्यामुळे बरोबर ठरली असं त्यांनी कधीच म्हटलं नाही आणि मीही म्हणत नाही.

चाचांना मात्र मला एक गोष्ट सांगायची होती. गणपतीनंतर बाजारपेठेतला पुराचा गाळ उपसून झाल्यावर मी दुकानात गेले. ते सर्किटवरचा चिखल दात घासायच्या ब्रशने काढत होते.

“चाचा, मी सरांना फोनवर आधी तुमचं नाव पुढे केलं. म्हणजे, मेकॅनिकने सांगितलं म्हणून बल्ब लावला, असं म्हणाले.”

ब्रश थांबला. “मंग?”

“मग सरांनी विचारलं, स्फटिकाला लावायला सांगितला होता का? तेव्हा खरं सांगितलं.”

ते पुन्हा घासायला लागले. वर न बघताच म्हणाले, “मी म्हनालो होतो ना, माझं नाव सांग. तेव्हा नको म्हनालीस. नको म्हनून वर सांगितलंस, ते वाईट वाटलं.” ब्रश पाण्यात बुडवून झटकला. “पन तू आज येऊन बोललीस. न बोलती तर मला कधी कळलं नसतं. बस. चहा सांगतो.”

त्यानंतर डार्करूममध्ये आणखी सात-आठ वर्षं काम चाललं. दर वर्षी दिवाळीनंतर मी मुंबईहून चार-सहा स्फटिक आणायचे आणि वैशाखात निकाल घेऊन जायचे. पावसाळ्यात सगळं बंद. माझी पीएचडी त्याच आकड्यांवर झाली, उशिरा का होईना. दोन हजार सालानंतर लँथेनमचे नवे स्फटिक येऊ लागले. कारखान्यातून येतानाच धातूच्या डब्यात सीलबंद, फोटोट्यूब आतच बसवलेली. टेप नाही, ट्यूब चिकटवायचं ग्रीस नाही. वायर जोडली की काम सुरू. अशा मालाची परीक्षा घ्यायला पडद्याआडच्या अंधाराची गरज राहिली नाही. सरांनी शेवटची यंत्रं परत मागवली तेव्हा त्यांनी टेम्पोबरोबर कुणाला न पाठवता स्वतः येऊन ओटा, पडदे, सगळं बघितलं. महाडला त्यांचं तेवढं एकच येणं झालं. आता त्या खोलीत परीक्षेचे जुने पेपर रचलेले असतात म्हणे. चाचांचं दुकानही गेलं. टीव्ही चपटे झाल्यावर पाठीत डोकं घालायची सोय उरली नाही, असं ते हसत सांगायचे. बाबा त्याआधीच गेले.

पण डार्करूम म्हटलं की मला दरवेळी स्फटिक फुटलेला दिवस आठवत नाही. आठवते ती त्याच वर्षीच्या पौषातली एक दुपार. सरांनी तो लहान स्फटिक माझ्याकडे पाठवला होता, इथल्या यंत्रावरही तेच आकडे येतात का ते बघायला. बाबा तोवर काठी घेऊन हिंडू लागले होते. एके दिवशी सकाळी त्यांनी स्वच्छ सदरा घातला आणि म्हणाले, “आज मी येतो तुझ्याबरोबर. दगड बघायचाय.”

एसटीच्या पायऱ्यांवर त्यांना चढवताना कंडक्टरने मागून आधार दिला. तो त्यांना ट्रकच्या दिवसांपासून ओळखत होता. महाडला उतरून कॉलेजपर्यंत रिक्षा केली. चाचांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते दुकान बंद करून आले. दोघांना मी डार्करूममध्ये दोन स्टुलांवर शेजारी बसवलं आणि एकमेकांशी ओळख करून दिली. बाबा म्हणाले, “तुमचं दुकान म्हाइत हाय मला. कोपऱ्यावर ट्रक वळवायचो तेव्हा तुमच्या पाटीला धक्का लागायचा.”

“तो तूच व्हय?” चाचा म्हणाले. “दोनदा नवी पाटी केली मी.”

मी पडदे ओढले, सगळं सुरू केलं. ऑसिलोस्कोपचा हिरवा उजेड स्फटिकांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याच्यापुढे काळ्या पुठ्ठ्याचा बोगदा केला होता. त्यात आळीपाळीने डोळा लावायचा. लहान स्फटिक असल्यामुळे किरण मिनिटाला एखादाच यायचा. बाबांनी डोळा लावला आणि वाट बघत बसले.

मग एकदम हिरवी रेघ वर उसळली. टोकदार सुईसारखी, आणि मागे लांब शेपूट.

“आला!” बाबा म्हणाले. “ह्यो कुठनं आला?”

“आकाशातून. फार लांबून.”

“आनि गेला कुठं?”

“स्फटिकातून, ओट्यातून, फरशीतून खाली जमिनीत.”

“आपल्यातनं पन जातात?”

“जातात. आत्ताही जाताहेत.”

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं असावं. अंधारात मला दिसलं नाही. चाचा म्हणाले, “आता मला बघू दे.” बाबा सरकले नाहीत. “थांबा, अजून एक येऊ दे.”

“पुढचा केव्हा येतो?” त्यांनी मला विचारलं.

“सांगता येत नाही, बाबा. कधी लागोपाठ दोन येतात, कधी दोन-तीन मिनिटं काही नाही.”

“एसटीसारखं हाय,” चाचा म्हणाले आणि दोघं हसले.

ते दोघं तास-दीड तास बसले होते. आळीपाळीने डोळा लावत होते, मोठ्याने मोजत होते. मध्येच ट्रकचं, आखातातल्या उन्हाचं, कशेडीतल्या दरडींचं बोलणं निघायचं, आणि रेघ उसळली की ते अर्ध्यावर तुटायचं. मी वहीत वेळ लिहून घेत होते. बाबांचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा दोनने जास्त निघाला. शेवटी घड्याळ बघून मीच म्हणाले, “बाबा, साडेचारची गाडी जाईल.”

“जाऊ दे,” बाबा पुठ्ठ्याच्या बोगद्यातून डोळा न काढता म्हणाले. “पाचची हाय की.”